बोलगिळीची वेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं ती आता या जगात नाही. खरं तर मी स्वतःची फजिती चहाच्या टपरीवर अनोळखी माणसालासुद्धा रंगवून सांगणारा. भलत्याच लग्नात जेवून, आहेर करून, मग मांडव चुकल्याचं कळलं — हे माझं मीच गावभर केलं. पण ही एक गोष्ट सांगायला तोंड उघडलं, की मी दुसरीच सांगून मोकळा होतो. आत्ताही बघा, लग्नात शिरलो.

जाफ्राबादजवळचं आमचं गाव. बारावीत नापास होऊन मी घरी बसलेलो. आता जालन्यात एमआयडीसीत बियाण्याच्या पिशव्या मोजतो, पण तेव्हा माझं अख्खं राज्य होतं — उलटापूर. तिथं चंद्र विहिरीतून उगवायचा आणि राजा झोपेत कारभार करायचा. संध्याकाळी लाईट गेली, की गल्लीतली पोरं तिथल्या गोष्टी ऐकायला माझ्या ओट्यावर जमायची. काय दिवस होते! बोर्डानं मला नापास केलं होतं, उलटापुरानं नाही.

समोर सुगनकाकी राहायच्या. मारवाडी, नवऱ्यामागं किराणा दुकान बंद पडलेलं, मुलगा जालन्याला. एकदा मी राजाला लढाईवर पाठवला, तर काकी दारातून म्हणाल्या, "अरे बाबू, तुझा राजा तर परवाच मेल्ता ना? फिरून जिंदा झाला का?"

पोरं लोळून हसली. मीही हसलो — वरवर. अठरा वर्षांचा घोडा मी, एवढ्याशानं इतकं लागावं?

दुसऱ्या दिवशी उलटापुरात एक वेल उगवली. बोलगिळी. जांभळं फूल, कडेनं पापण्यांसारखी झालर. तिच्या विषानं माणूस मरत नाही. त्याचा आवाज जातो. जिच्या दारी ती वेल, तिच्या घरचं काही खाल्लं की खाणाऱ्याचा बोल गळून पडतो, आणि ती बाई तो उचलून डब्यात भरून ठेवते.

तसली वेल आमच्या गल्लीत एकाच दारावर होती. साधी कृष्णकमळाची. नाव मी घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडं महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. मग घरची बाई झाकलेला डबा खुळखुळवते आणि आत खिरापत कसली आहे ते पोरींनी ओळखायचं. काकींची खिरापत कुणालाच ओळखता यायची नाही, म्हणून तिथं सगळ्यात जास्त गलका असायचा. त्या साली पोरी ओठ घट्ट मिटून त्यांच्या दारावरून पळाल्या.

"बाबू, पोरी का आल्या न्हाईत रे? माझं काई चुकलं का?"

"चाचणी चालू हाये त्यांची, काकी. घाईत असतील."

"मंग तूच ओळख."

मी मुद्दाम चुकीचं ओळखलं — त्यांना बरं वाटावं म्हणून. किती दयाळू, नाही का? आणि डिंकाचे लाडू खाल्ले, सगळ्या गल्लीच्या वाटणीचे. पुढं रोजच. विष मीच काढलेलं, मला कसं बाधणार?

मग कुणा चिमुरडीनं त्यांना वेलीचं सांगितलं. माझं नाव तेवढं सांगितलं नाही. सकाळीच काकी विळा घेऊन माझ्या दारात.

"पोरी माझ्या वेलीला भितात म्हणे. कुणी भरवलं देव जाणे. चल, काढून टाकू."

त्या कापत होत्या, मी ओढत होतो. वेल फुलांनी लगडलेली. मी म्हणालो, एखादं फूल तरी ठेवा. "नको रे, उगं एखादी घाबरंल." तोंडावर हसू होतं त्यांच्या — संध्याकाळी पोरी येणार होत्या ना!

पोरी आधी माझ्याकडं आल्या.

"दादा, वेल तर गेली. आता जायाचं का काकीकडं?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पण सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, श्वास रोखून. इतकं टक लावून माझ्याकडं त्याआधी कुणी बघितलं नव्हतं — नंतरही नाही. मी आवाज खाली आणला.

"वेल गेली गं. पण मुळं? ती तर खालून पार विहिरीपर्यंत गेलेली असतात."

पोरी गल्लीच्या पलीकडच्या कडेनं गेल्या. काकी मोकळ्या चौकटीत उभ्या होत्या. "या गं, वेल काढली बघा," म्हणाल्या. कुणी थांबलं नाही. मग त्यांनी डबा उंच धरून जोरात वाजवला, पुढं गेलेल्या पोरींना ऐकू जावा म्हणून.

मी समोरच ओट्यावर बसलो होतो. मला ऐकू आला.