अडतीस नंबरची गुलाबी चिठ्ठी

वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी ऑडिटर आहे. चोवीस वर्षं झाली. ‘असं झालं’ एवढ्यावर मी सही करत नाही. कधी झालं, कोणी पाहिलं, नोंद कुठे आहे, हे विचारतो. या सदरातले गूढ अनुभवही आजवर त्याच नजरेने वाचले... कुठे वेळ जुळत नाही, कुठे दार नीट तपासलेलंच नाही. बायको म्हणते, “तुम्ही भुतालासुद्धा फॉर्म भरायला लावाल.” आज माझाच फॉर्म भरतोय. त्यातला एक रकाना रिकामा राहणार आहे, हे आधीच सांगतो.

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. मी, बायको सुजाता आणि बारावीत असलेली मुलगी मुक्ता. घर घेऊन अकरा वर्षं झाली. शेजारचं घर वॉल्ट आणि कॅरलचं. मध्ये एक मेपलचं झाड आणि बावीस फूट गवत. (बर्फ कुठपर्यंत कोणी काढायचा हे ठरवायला मी टेप लावून मोजलं होतं. दुसरं टोक वॉल्टने धरलं होतं. आमची मैत्री तिथे सुरू झाली.)

वॉल्ट तरुणपणी अमेरिकन मरीन होता – म्हणजे सैनिकच, पण त्याची नेमणूक होती दक्षिण अमेरिकेतल्या एका उंच, डोंगराळ राजधानीत, तिथल्या अमेरिकन वकिलातीच्या पहाऱ्यावर. एका वेळी सातच जण. सगळे विशी-पंचविशीचे, एकाच घरात राहणारे. मला वाटायचं, हे लोक राजदूताचं रक्षण करत असतील. वॉल्ट हसायचा. “राजदूत स्वतःला सांभाळतो रे. आम्ही कागद सांभाळायचो.”

ऑफिस सुटलं की हे पोरगे मजल्या-मजल्यावर फिरायचे. कोणाचं कपाट उघडं राहिलं, कोणाचा गोपनीय कागद टेबलावर राहिला, की गुलाबी चिठ्ठी लिहायची आणि त्या माणसाच्या खुर्चीवर ठेवायची. टेबलावर नाही, खुर्चीवर. “टेबलावर कागद असतातच,” वॉल्ट म्हणायचा, “पण बसायच्या जागेवरचा कागद कोणाला चुकत नाही.” चिठ्ठी मिळालेल्या माणसाने खाली ‘केलेली कारवाई’ लिहून, सही करून परत द्यायची. बाविसाव्या वर्षी वॉल्टने खुद्द राजदूताला चिठ्ठी दिली होती, आणि राजदूताने मुकाट्याने सही केली होती. ही गोष्ट मी किमान तीस वेळा ऐकली. तपशील एकदाही बदलला नाही, म्हणून मी ती खरी मानतो.

कॅरलने एका वाढदिवसाला त्याला तसल्याच चिठ्ठ्यांचा पॅड छापून दिला. गुलाबी, पन्नास पानं, प्रत्येकावर छापील नंबर. आणि गिऱ्हाईक कोण? आम्ही! आम्ही भारतात गेलो की आमची झाडं वॉल्टच्या ताब्यात असायची, घराची किल्ली त्याच्याकडे. परत आलो की माझ्या खुर्चीवर चिठ्ठी. मूळ इंग्रजीत, मी मराठीत देतो.

नंबर १: ‘स्थळ – गॅरेजचं बाजूचं दार. कुलूप नाही. जबाबदार – मिलिंद.’

नंबर १२: ‘स्थळ – गणेशाची चौकी. मोदक ११, झाकण नाही. तपासासाठी २ जप्त.’ आमच्या गणपतीच्या मखराला तो गणेशाची चौकी म्हणायचा, आणि दीड दिवस संपेपर्यंत तासातासाला येऊन बाजूला ताठ उभा राहायचा.

नंबर २३: ‘स्थळ – ओव्हन. अज्ञात पांढरा पदार्थ, दिवा चालू. जबाबदार – सुजाता.’ त्याखाली सुजाताने कारवाई लिहिली होती, ‘दही लागलं. वाटीभर पाठवत आहे.’

मुक्ता लहानपणापासून त्याला वॉल्ट आजोबा म्हणते. तो लोकांना सांगायचा, “मी सार्जंट म्हणून निवृत्त झालो, मग या मुलीने मला आजोबा केलं. ते शेवटचं प्रमोशन.”

सही झालेल्या चिठ्ठ्या तो मला फाइल करायला परत द्यायचा. एक ते सदतीस, क्रमाने. एकही गहाळ नाही.

चार वर्षं आम्ही दोघं शनिवारी सकाळी त्या वकिलातीतल्या मरीन पहारेकऱ्यांचा इतिहास लिहीत होतो. तो सांगायचा, मी टाइप करायचो, वर्षं आणि आकडे तपासायचो. एकशे बारा पानं झाली. पण सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग म्हणजे एक निळा जाड पुठ्ठा होता. त्यावर वॉल्टने स्वतःच्या हाताने तिथे पहारा दिलेल्या माणसांची नावं लिहिली होती. पत्रं लिहून, फोन करून, एकेक माणूस शोधून. यादी पुरी झाल्याशिवाय टाइप करायची नाही, हा त्याचा नियम. गेल्या सप्टेंबरात, गणपतीच्या आदल्या शनिवारी, सेहेचाळिसावं नाव मिळालं. त्या दिवशी बेसमेंटमध्ये तो अक्षरशः नाचला, शहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या पायाने.

मग तो आजारी पडला. जानेवारीत गेला. हॉस्पिटलमध्ये त्याने माझा हात धरून एवढंच सांगितलं होतं, “जूनमध्ये सगळे येतील. नावं तू वाच. सेहेचाळीस. मोज.”

मी म्हणालो, “मोजतो.”

जूनच्या एका शनिवारी कॅरलच्या अंगणात त्याच्या जुन्या सोबत्यांचं संमेलन ठरलं. गुरुवारी संध्याकाळी मी फोल्डरमधून निळा पुठ्ठा काढला. कोरा. उलटा केला. कोरा. बेसमेंटमध्ये तसले दोन निळे पुठ्ठे होते, एक कोरा आणि एक नावांचा. मी नऊ महिने कोरा पुठ्ठा जपून ठेवला होता!

येणाऱ्यांना आपापल्या दोन-तीन वर्षांतले सोबती आठवले असते. बाकीची नावं जगात फक्त त्या पुठ्ठ्यावर होती. बेसमेंट, कपाटं, पुस्तकं, जुन्या कागदांचा खोका... मी चार वेळा शोधलं. सुजाता म्हणाली, “अहो, जेवा तरी.” मुक्ता म्हणाली, “बाबा, यू नेव्हर लूज एनीथिंग.” ते जास्त लागलं. कॅरलला सांगायचं धाडस झालं नाही.

शुक्रवारी सकाळी सहा चाळीसला मी चहा घेऊन बेसमेंटमधल्या टेबलाशी गेलो. खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं. खुर्ची ओढली... खुर्चीवर गुलाबी चिठ्ठी.

नंबर ३८. आजची तारीख. वेळ ०५१७, म्हणजे पहाटे पाच सतरा, आणि इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. ही सवय वॉल्टने परदेशातून आणली होती.

‘स्थळ – गणेशाची चौकी, डावा खांब. आढळलं – नामावली, असुरक्षित. जबाबदार – मिलिंद.’

मी घाबरलो का? खरं सांगतो, नाही. पहिला विचार आला तो असा – पुठ्ठा शनिवारच्या आत सापडला, बरं झालं. घाबरायचं नंतर लक्षात आलं. सहा पंचावन्नला मी गॅरेजमध्ये होतो आणि मखराचा खोका खाली काढत होतो. सुजाता आणि मुक्ता नाइटसूटमध्येच मागे उभ्या. डाव्या खांबाचा सोनेरी कागद सोडवला. आत आधाराला जाड पुठ्ठा. निळा. सेहेचाळीस नावं, एकही अक्षर न पुसलेलं.

आणि मला सगळं आठवलं. त्या शनिवारी खांब झुकत होता, सुजाता वरून म्हणाली होती, “काहीतरी कडक घाला हो आत.” मी घातलं होतं. चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी काढायला सोपं जावं म्हणून. आमच्या घरात चिकटपट्टीचं टोक दुमडणारा माणूस एकच आहे.

सुजाता हसत गॅरेजच्या पायरीवरच बसली. “म्हणजे गणपती नऊ महिने अमेरिकन सैन्याच्या कागदांवर पहारा देत होता!”

मुक्ता चिठ्ठी हातात धरून म्हणाली, “ओके, धिस इज क्रीपी. बट ऑल्सो... सो वॉल्ट आजोबा.”

मग मी माझं काम सुरू केलं. अलार्मची नोंद पाहिली. रात्री दहा वाजून बारा मिनिटांनंतर सकाळी सहा पंचावन्नला मी गॅरेजचं दार उघडेपर्यंत एकही दार-खिडकी उघडलेली नाही. दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. सुजाता म्हणाली, “मला तो पुठ्ठा कुठे आहे हे माहीत असतं, तर काल रात्रभर तुमचं तोंड बघत बसले असते का? हातात आणून दिला असता!” ज्याला जागा माहीत होती त्याने सरळ सांगितलं असतं. आणि सप्टेंबरात वॉल्टच्या लक्षात आलं असतं, तर त्याने तिथल्या तिथे चिठ्ठी फाडली असती. अशी संधी तो सोडणारा नव्हता.

आठ वाजता कॅरलकडे गेलो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालेलं, वॉकर घेऊन चालते. तिने चिठ्ठी वाचली, दोनदा. मग ड्रॉवरमधून पॅड काढून माझ्यापुढे ठेवला. सगळ्यात वरचं पान – नंबर ३८. कोरं.

मी पानं मोजली. तेरा. माझ्या फाइलमध्ये सदतीस. बरोबर पन्नास. म्हणजे हातातली चिठ्ठी एक्कावन्नावी.

“छापखान्याने एखादी जास्त दिली असेल,” मी म्हणालो.

“असेल,” कॅरल म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “आणि त्या जास्तीच्या चिठ्ठीने स्वतःच लिहून घेतलं असेल. मिलिंद, कॉफी घे.”

शनिवारी एकवीस माणसं आली, त्यांतले नऊ जण पहारा दिलेले. एक अडचण झाली. मरीन दलाच्या वाढदिवसाच्या समारंभात केकचा तुकडा हजर असलेल्यांतला सगळ्यात वयस्कर मरीन सगळ्यात तरुण मरीनला देतो. वाढदिवस नोव्हेंबरात असतो, पण या म्हाताऱ्यांना तो केक जूनमध्येच हवा होता. केक सुजाताने केला आणि तो मध्ये खड्डा पडून बसला. ती रडकुंडीला आली. शेवटी तिने खड्ड्यात आमरसाचा डबा ओतला आणि तोंड पाडून केक बाहेर आणला.

नऊ म्हातारे उभे राहून ओरडले! त्या उंच राजधानीतल्या विरळ हवेत केक कधी फुगून टिकतच नसे. दर वर्षी तो असाच बसायचा आणि हे लोक खड्डा जॅमने भरायचे. एकाने सुजाताला विचारलं, “मॅडम, तुम्हाला हे वॉल्टने शिकवलं का?” ती म्हणाली, “हो.” (नोंदीसाठी, हे असत्य आहे.)

जन्मतारखा मी आधीच मागवल्या होत्या. सगळ्यात वयस्कर चौऱ्याऐंशी, सगळ्यात तरुण एकाहत्तर. तो तरुण, त्याचं नाव रे, बायकोला म्हणाला, “ऐकलंस? यंग! सगळ्यांसमोर म्हणाले!” आमरस त्याच्या शर्टभर सांडला.

मग मी नावं वाचली. बोट ठेवून, एकेक. हजर असलेला ‘हजर’ म्हणायचा. नसलेल्यासाठी बाकीचे मिळून म्हणायचे, ‘ड्युटी संपली.’ शेवटी सांगितलं, “सेहेचाळीस. मोजली.”

रेला मी चिठ्ठी दाखवली. त्याने सातच्या आडव्या रेघेवरून बोट फिरवलं. “पहारेकऱ्याचा एक नियम आहे,” तो म्हणाला, “बदली माणूस आल्याशिवाय चौकी सोडायची नाही.” आणि मेपलच्या झाडाकडे वळून त्याने कडक सॅल्यूट ठोकला. “वॉल्ट, बदली आली रे. जा आता.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं तो गमतीत बोलतोय. पण निघताना कॅरलने तो पॅड माझ्या हातात दिला. “तेरा आहेत,” ती म्हणाली. “गुडघ्यामुळे मी हल्ली मागचं दार विसरते. कोणीतरी बघायला हवं.”

दुसऱ्या दिवशी मी अडतीस नंबरच्या चिठ्ठीखाली कारवाई लिहिली, ‘नामावली वाचली, ४६. टाइप केली, तीन प्रती. खांबाला नवा पुठ्ठा, कोरा, दोन्ही बाजू तपासून.’ सही केली, फाइल केली.

तेव्हापासून संध्याकाळी ऑफिसमधून आलो की बावीस फूट गवत ओलांडून कॅरलच्या घराला एक फेरी मारतो. मंगळवारी मागच्या दाराला कुलूप नव्हतं. तिच्या खुर्चीवर मी चिठ्ठी ठेवली, नंबर ३९. तिने कारवाई लिहून पाठवली, ‘कुलूप लावलं. मोदक कधी?’

एकाच नंबरच्या दोन चिठ्ठ्या फाइलमध्ये चालत नाहीत. म्हणून पॅडमधल्या कोऱ्या अडतीसवर मी नियमाप्रमाणे आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं. खाली ‘कारण’ लिहिलं आणि पेन धरून बसलो. चोवीस वर्षांत कोणाला हा रकाना कोरा सोडू दिलेला नाही.

तो अजून कोराच आहे.