ठिपक्यांची रेघ

बेलेम शहरातल्या हर्बेरियममध्ये फुलांची चित्रं काढणाऱ्या दोना सिल्दाची नक्कल न करणारा माणूस शोधूनही सापडला नसता. ती जेवायला उठली की शिपाई नाकाच्या शेंड्यावर चष्मा ओढायचा, मान तिरकी करायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, "श्वास हळू घ्या हो, पाकळी हलते." सगळे हसून लोळायचे. एकदा ती मागे दारातच उभी होती. म्हणाली, "मान अजून तिरकी कर. आणि मी 'हो' म्हणत नाही."

वाळवलेल्या फांद्यांच्या त्या कोठारात तिचं टेबल खिडकीशी होतं. सेऊ ओस्वाल्दिनो पायात दोरीचा फास अडकवून रानातल्या उंच झाडांवर चढायचा आणि फुललेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्यापुढे आणून ठेवायचा. मग बाईला जगाचं भान नाही. आधी रंग, कारण दुपारच्या पावसाआधी तो उडतो. आकाराला घाई नाही, तो फूल सुकल्यावरही मोजता येतो.

दुसरा नियम याहून कडक. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते सलग रेषेनं काढायचं नाही. फळ हाती आलं नसेल तर फळाच्या जागी ठिपक्यांची रेघ. एका पुस्तकाच्या वेळी हर्बेरियमच्या साहेबांनी विनवणी केली, की बाई, कुठलंही गोल फळ काढून टाका, एवढ्या उंच चढून कोण बघायला जातंय? ती म्हणाली, तुम्ही चढा, वरून सांगाल ते काढते. पुस्तक ठिपक्यांसकट छापलं गेलं.

थोरली बहीण बेनविंदा कोपऱ्यावरच्या आंब्याखाली ताकाका विकायची. उकळतं आंबट-पिवळं सार, कोळंबी, जिभेला मुंग्या आणणारा पाला, सगळं काळ्या तुंब्याच्या वाटीत. तिच्या हातात पळी आणि तोंडात त्याहून लांब जीभ. गिऱ्हाईक वाटी फुंकत उभं राहिलं की ती सांगायची, माझी बहीण सगळ्या रानाची चित्रं काढते, शेवाळाचंसुद्धा काढलंय, माझं मात्र नाही. मला पानं फुटली की काढेल बहुतेक.

तिची मागणी एवढीच होती. तवल्याच्या वर, आंब्याच्या खोडावर, आपलं चित्र असावं. ओळखपत्रावरचा फोटो होता, पण त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसायची. कॅमेरा दिसला की तिचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. हसायची ती फक्त पळी हातात असताना.

दर वर्षी सिरिओच्या जत्रेला ती नवा झगा शिवायची आणि म्हणायची, आता बसते तुझ्यापुढे. आणि नेमकं त्याच दिवसांत रान फुलायचं. मग बसणं पुढच्या वर्षावर जायचं.

एका सिरिओला मात्र जमलं. जत्रेचं बदकाचं जेवण आटोपल्यावर बेनविंदा पळी-वाटी घेऊन अंगणात बसली. सिल्दानं कागदावर हात काढले, वाटी काढली, झग्याची इस्त्रीची घडी काढली. मग कर्कटक घेऊन बहिणीचं नाक मोजायला गेली, तशी बेनविंदा फिसकन हसली.

"मोजून झाल्यावर मला वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवणार का गं?"

"हलू नकोस, ताई."

तेवढ्यात फाटकाशी ओस्वाल्दिनो आला. फडक्यात एक जांभळं फूल होतं. त्या फुलाची वाट सिल्दा काळ्या केसांपासून पांढऱ्या केसांपर्यंत पाहत आली होती. पाकळ्यांच्या कडा आताच पिवळ्या पडू लागल्या होत्या. तिनं कर्कटक खाली ठेवलं.

"ताई, हे संध्याकाळपर्यंत जाईल. तू कुठं जाणार आहेस?"

"मी कुठं जाते? तवला सोडून मला कोण विचारतंय?" बेनविंदा उठली आणि तिनं झगा बदलला.

फुलाचं चित्र अप्रतिम झालं. जत्रेचे मंडप उतरले, त्या आठवड्यात बेनविंदाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, पण चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली ती ओघळलीच. काही महिन्यांनी ती पुन्हा आंब्याखाली बसू लागली. सिल्दा कागद घेऊन गेली, तर तिनं मान फिरवली. जड जिभेनं म्हणाली, "हा चेहरा नको. जो सोडून गेलीस तो काढ."

सिल्दा खिडकीशी बसली. शेकडो फुलांचे पुंकेसर डोळे मिटून सांगणारी बाई. हसताना ताईचा आधी कुठला कोपरा वर जायचा? भुवई उचलली जायची की डोळा बारीक व्हायचा? आवाज आठवत होता, टोमणे शब्दन् शब्द आठवत होते. चेहरा आठवत नव्हता. टोमणा मारणाऱ्याकडे कोण बघतं? ती तर तेव्हाही पाकळीकडेच बघत असायची. अंदाजानं काढलं असतं तर गिऱ्हाइकांना कळलंही नसतं. शिपाई तेच म्हणाला, आणि या वेळी त्यानं नक्कल केली नाही. पण हात ऐकेना.

शेवटी तिनं चित्र नेऊन दिलं. पळी धरलेले हात असे जिवंत, की वाफेचा चटका जाणवावा. झग्याची घडी होती. आणि गळ्याच्या वर, चेहऱ्याच्या जागी, ठिपक्यांची रेघ.

तो नियम बेनविंदा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत आली होती. तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मला बघितलंच नाहीस तू. इतक्या वर्षांत."

सिल्दानं स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसली. बेनविंदानं पदरासारखा पंचा ओघळलेल्या गालावर घेतला आणि तवल्याकडे वळली. "आता नको," ती म्हणाली. "आता फूल गेलं."

चित्र खोडावर तसंच लागलं. सिल्दा तेव्हापासून दुपारी तिथंच बसते. एकदा ओस्वाल्दिनो ओलं फडकं घेऊन शोधत आला, म्हणाला, दोना, कडा पिवळ्या पडताहेत. ती म्हणाली, पडू देत. फूल त्याच्या हातात कोमेजलं. बेनविंदानं सार ढवळलं, वाट्या भरल्या, पण तोंड काही इकडे केलं नाही.