कणकेचा गोळा

किसनराव मिस्त्रींचा मला पहिल्यापासून राग यायचा. अकोल्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि रस्त्यापलीकडे त्यांचं गॅरेज. तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडून एक वस्तू मुकाट्यानं घेतली नाही. खोका फोडायचा, उन्हात न्यायचा, पार्ट उलटासुलटा करून पाहायचा, जसं काही मी चोरबाजारातून उचलून आणलाय. दहातले चार परत. परत करताना तोंडातून शब्द नाही, काउंटरवर ठेवायचं आणि चालू लागायचं.

त्यात ते कणकेचं खूळ. इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधताना त्याच्या पोटात ऑईल पंप बसवतात. पंपाला एक वाकडा पाइप आणि पाइपाच्या तोंडाला जाळी. तळाच्या चेंबरमधलं ऑईल त्या जाळीतून वर ओढलं जातं. जाळी तळाला टेकली तर ऑईल येत नाही, फार वर राहिली तर घाटात गाडी कलल्यावर पंप नुसती हवा ओढतो. दोन्हीकडून इंजिन जाम. बाकीचे मिस्त्री अंदाजानं चेंबर कसून मोकळे होतात. किसनराव इंजिन उलटं ठेवून जाळीवर कणकेचा गोळा ठेवायचे, चेंबर कसायचे, परत काढायचे, आणि दबलेला गोळा पात्यानं कापून त्याची जाडी पाहायचे. अर्धं बोट भरली तरच पुढचं काम.

गोळा घरून यायचा. आदल्या दिवशी ते बायकोला, म्हणजे मनकर्णावहिनींना, एवढंच सांगायचे, "उद्या पंप हाये." दुसऱ्या दिवशी डब्याच्या वरच्या खणात कोरड्या पिठात घोळवलेला घट्ट गोळा हजर. वहिनी दिसल्या की मी चिडवायचो, "वयनी, इंजिनाले जेवू घालता, आमाले कधी बलावता?" त्या हसायच्या. किसनराव हसायचे नाहीत.

दिवाळीनंतर वहिनी गेल्या. अंगण झाडता झाडता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. किसनराव रडले नाहीत. तेरवीला त्यांचा मुलगा नितेश माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, बाबा काईच बोलून नाई राहिले." मी म्हटलं, "आधी कुठं बोलत होते?" बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. नितेश नोकरीवर पुण्याला परत गेला. चौदाव्या दिवशी गॅरेजचं शटर वर झालं आणि दुपारी मेसचा डबा आला.

अकोटच्या देवमनच्या जीपचं इंजिन वहिनी गेल्या तेव्हापासून खोललेलं पडलं होतं. देवमन चिखलदऱ्याला सवाऱ्या नेतो. किसनरावांनी तेच काम हातात घेतलं. मी काउंटरवरून पाहत होतो. पंपाच्या दातांमध्ये व्हॅसलीन भरलं, म्हणजे पहिल्याच फेऱ्यात पंप ऑईल धरतो. पंप बसवला, पाइप लावला, बोल्ट कसले. हात बरोबर चालले होते, पण माणूस तिथं नव्हता. मग त्यांनी गॅस्केट लावलं आणि चेंबर उचललं.

गोळा नव्हता.

आठवण करून द्यावी तर वहिनींचं नाव निघणार. गप्प बसावं तर उद्या घाटात दहा माणसं भरलेली गाडी. शेवटी एक गॅस्केट उचललं आणि ते द्यायच्या निमित्तानं पलीकडे गेलो. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

"किसनभाऊ, कणीक नाई लावली?"

"राहू दे."

"राहू दे कसं? धा माणसं घेऊन वर चढते थे गाडी."

त्यांनी चेंबर खाली ठेवलं. मग म्हणाले, "कणीक नाई हाये."

"मायाले सांगतो. मळून देते ते." माया म्हणजे माझी बायको.

"मळून नको. पीठ आन."

मी डबाभर पीठ आणलं. त्यांनी साबणानं तीनदा हात धुतले आणि ताटलीत पीठ घेतलं. पहिला गोळा सैल झाला, जाळीला चिकटला. पाइप पुन्हा काढा, डिझेलनं धुवा, पुन्हा लावा. दुसरा इतका कोरडा की दाबल्याबरोबर तडकला. आम्ही दोघं साठीच्या घरातले, आणि कणकेत पाणी किती घालायचं ते एकालाही माहीत नाही. मला भयंकर चीड आली, त्यांची एकट्याची नाही, दोघांचीही. किसनरावांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. त्यांनी तिसऱ्यांदा पीठ घेतलं.

तिसरा गोळा जमला. चेंबर कसलं, काढलं. गोळा दबून पापडाएवढा पातळ उरला होता, म्हणजे जाळी तळाला टेकतच आली होती. घाटात कधीतरी चेंबरला दगड लागला असणार आणि कुणीतरी वरवर ठोकून त्यावर रंग मारला होता. नुसत्या डोळ्यांना पोचा दिसत नव्हता. किसनरावांनी हातोडा घेतला, पोचा काढला आणि चौथा गोळा मळला. अर्धं बोट भरलं. मग चेंबर बंद केलं.

संध्याकाळी ते उरलेलं पीठ घेऊन दुकानात आले. डबा काउंटरवर ठेवला आणि चालू लागले.

मला राहवलं नाही. "होते असं, भाऊ. एखांद्या वक्ती इसरते मानूस."

ते पायरीवर थांबले.

"इसरलो नोयतो, गोपाल. सकायपासून ध्यानात होतं. मांगावं कोनाले, थेच समजत नोयतं."