घडी पडलेली स्लाइड

वेतुरिया तांतीचा हात थरथरतो, हे सिबियू शहरातल्या, पेशंटच्या गाठी तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. वयाने मोठी, म्हणून सगळे तिला तांती, म्हणजे मावशी म्हणायचे. एकतीस वर्षं गाठींचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप कोमट पाण्यावरून अलगद स्लाइडवर उचलणारी बाई ती! पण गेले दोन हिवाळे तिच्या कापांना घड्या पडत होत्या, आणि ती तोंडातून ब्र काढत नव्हती.

अशात रंगवलेल्या कापातल्या तपकिरी पेशी मोजणारं यंत्र घ्यायचं ठरलं. दोन यंत्रं चाचणीला आली. "वीस स्लाइड काढून द्या," लॅबप्रमुख डॉक्टर आर्देलेआन म्हणाले. मग या बाईने काय करावं? पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढतात, तशा निवडून निवडून वीस देखण्या स्लाइड दिल्या! दोन्ही यंत्रांना पैकीच्या पैकी. पहिलं झटपट मोजतं, तेव्हा तेच घ्यायचं. सही आज बाराच्या आत.

सकाळी तिला राहवेना. घडी पडलेली एक स्लाइड तिने गुपचूप पहिल्या यंत्रात सरकवली. डॉक्टरांनी डोळ्यांनी मोजून तपकिरी पेशी सहा टक्के लिहिल्या होत्या. यंत्राने सांगितलं, चौतीस! घडीत काप दुहेरी, रंगही दुहेरी. मेल्याने सगळंच तपकिरी धरलं होतं. तेवढ्या फरकाने पेशंटचं औषध बदलतं. बोलावं तर थरथर उघडी पडणार. न बोलावं तर?

पावणेबाराला ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"पेन खाली ठेवा, डॉक्टर."

"तांती, आत्ता नको हं. कॉफी नंतर."

"कॉफी गेली खड्ड्यात! ही स्लाइड दोन्ही यंत्रांत घाला."

पहिलं पुन्हा चौतीसच म्हणालं. दुसऱ्याने वेळ घेतला, घडीभोवती लाल रेघ ओढली, 'हा भाग माणसाने पाहावा' असं लिहिलं आणि उरलेल्याचे सहा टक्के दिले.

डॉक्टरांनी स्लाइड उजेडात धरली. "हा काप कुणी उचलला?"

"मी."

"कधीपासून चाललंय हे?"

"दोन हिवाळे." तिने एक कागद पुढे केला. "अशा घडीच्या एकशे बारा आहेत. सगळ्यांचे नंबर लिहून ठेवलेत. तुम्ही घडी सोडून मोजायचात, म्हणून निभावलं. तरी पुन्हा बघा."

"आणि चाचणीला यातली एकही नाही दिलीत?"

"लाज वाटली हो मला."

"लाज! अहो, करार सात वर्षांचा आहे, ती धोंड गळ्यात पडली असती आपल्या!" डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी खरेदीच्या कागदावरचं पहिल्या यंत्राचं नाव खोडलं, दुसऱ्याचं लिहिलं आणि सही केली. मग मान वर न करताच म्हणाले, "आजपासून तुम्ही काप उचलायचे नाहीत."

हे होणार, हे तिला माहीतच होतं. तरी डोळे भरून आलेच.

"चार काप आत्ता पाण्यावर आहेत," ती म्हणाली. "ते कोण उचलणार?"

डॉक्टर उठले, लॅबमध्ये जाऊन बाह्या सरसावून पाण्यापाशी उभे राहिले. पंधरा वर्षांत या कामाला हात लावला नव्हता त्यांनी. पहिल्याच कापाला घडी पडली.

तांतीने पेन त्यांच्या हातात दिलं. "नंबर लिहून ठेवा," ती म्हणाली. "लपवू नका."