मधली चाळीस सेकंदं

नारिन शहराच्या रेडिओ संग्रहात सादतएजे, म्हणजे सगळ्यांची सादतताई, अकरा वर्षं सर्व्हर सांभाळत होती, आणि अकरा वर्षं लोक तिच्यावर करवादत होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावायची. मग दिवसभर कामं गोगलगाईसारखी चालायची. "आज एजेच्या डिस्कांची परीक्षा, चला चहाला," म्हणत अख्खं ऑफिस उठायचं.

परीक्षाच होती ती. सहा डिस्क होत्या. एक मेली तर उरलेल्या पाच मिळून तिचं सगळं परत सांगू शकत. पण पाचही शुद्धीवर हव्यात ना! आणि डिस्क काही विसरली तर आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. आमच्याकडे पोरांना सात पिढ्यांच्या बापांची नावं येतात, ती काय आपोआप? येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा विचारतो म्हणून. एजे दर खेपेला एखादी विसरलेली जागा पकडायची, बाकीच्या डिस्कांकडून भरून घ्यायची आणि गप्प बसायची. केलेलं काम दाखवणं तिला जन्मात जमलं नाही.

या संग्रहाची खरी कदर एकीलाच होती, म्हाताऱ्या बुरुलकानआपाला. मेंढ्या वरच्या कुरणांतून उतरल्या की दर ऑक्टोबरात ती अत-बाशी गावाहून यायची, नवऱ्याचं गाणं ऐकायला. सगीनला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. त्याचं ते एकच गाणं उरलं होतं. मूळ टेप कुणीतरी केव्हाच फेकून दिली होती; आता होतं ते या डिस्कांवरच.

मग नवे संचालक आले, मेदेरबेक. वयानं एजेपेक्षा लहान, पण कामाला वाघ.

"एजे, अकरा वर्षांत काही बिघडलं?"

"नाही."

"मग सगळ्यांना कशाला ताटकळत ठेवता? बंद करा ते."

एजेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिला समजावून सांगता आलं असतं. सुट्टीच्या दिवशी गुपचूप तपासणी लावताही आली असती. पण ती रुसली. बंद तर बंद, कळेल यांचं यांना, असं म्हणून मे महिन्यापासून तिनं हात लावला नाही.

सप्टेंबरात एक डिस्क मेली. नवी बसवली, उरलेल्या पाचजणी तिला एकेक सांगू लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली एक मधेच अडखळली. बाकी सगळं वाचलं. गेली फक्त चाळीस सेकंदं. एजेनं पडद्यावर नाव वाचलं. सगीनचं गाणं होतं.

"ते दुसरीकडून नाही का भरून घेता येत?" मेदेरबेकनं विचारलं.

"एक विसरली तर बाकीच्या पाचही लागतात. त्यांतली एक आधीच मेलीय."

"मला आधी सांगायचं होतंत, एजे."

"हो. मी रुसले होते."

मेदेरबेक म्हणाला, "चूक माझीही आहे. पण आपाला नका सांगू, मशीन बंद आहे म्हणू." एजेनं मान हलवली नाही.

ऑक्टोबरात आपा आली, खिशात नेहमीसारखे कुरुतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खडे घेऊन. सांगायचं म्हणून एजेनं तोंड उघडलं, पण धीर झाला नाही. तिनं हेडफोन आपाच्या कानांना लावले. आपा डोळे मिटून सगीनबरोबर ओठ हलवत होती. मधली शांतता सुरू झाली. ओठ थांबले नाहीत. उलट तिचा आवाज हलकेच बाहेर फुटला, आणि चाळीस सेकंदांनी सगीन परत आला तेव्हा ती नेमकी त्याच शब्दावर होती.

एजेला रडू आवरेना. "आपा, मधलं गेलं. माझ्यामुळे गेलं. मी हट्टाला पेटले आणि तुमचं घालवलं."

आपानं हेडफोन काढले, एक कुरुत एजेच्या हातात ठेवला. "कळलं मला."

"पण तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

"अगं, मी काय नुसता आवाज ऐकायला येते? घरी मी रोजच म्हणते. कुठे चुकले तर सांगणारा तो एकच उरलाय, म्हणून येते." तिनं डोळे पुसले. "आता त्या जागी चुकले तर कुणाला विचारू?"

एजेनं माइक तिच्यापुढे ओढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आज बरोबर आहे ना, मग आजच म्हणा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी विचारीन."