भेगेवरची काच

पप्पा इमारतींचे फोटो काढत. जळगावात फोटोग्राफर म्हणजे लग्नाचा, त्यामुळे मेहरूण भागात आमच्या घराच्या दारात येणारे लोक आधी मुहूर्त सांगत आणि मग ओशाळून परत जात. पप्पांची गिऱ्हाइकं म्हणजे दालमिलवाले, सराफ, संस्था. ज्यांनी नवीन काही बांधलं ते. लाकडी कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात शिरलं की दुधी काचेवर इमारत उलटी दिसे. कॅमेरा वर रोखला की भिंती आत झुकल्यासारख्या दिसतात. पप्पा लेन्स वर सरकवून त्या ताठ करत. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देई.

आम्ही युगांडातल्या कंपालाहून आलो तेव्हा मी अगदी लहान होते. मामा इथे होते म्हणून जळगाव. पासपोर्ट परदेशीच राहिले, त्यामुळे दर वर्षी पोलीस ऑफिसात जाऊन इथे राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागे. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष पप्पांचं जुनं गिऱ्हाईक; त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांचा फोन आधी गेलेला असला की साहेब आम्हाला खुर्ची देत आणि काम होऊन जाई. म्हणून घरात एक नियम होता: कुणाच्या बाबतीत मत द्यायचं नाही. मला तो जड गेला नाही. इंग्रजी शाळेमुळे मी मराठी वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची, आणि तोवर विषय बदललेला असायचा.

पुढे मला धुळ्याला नानांच्याच कॉलेजात घातलं. मुलींचं वसतिगृह नवं होतं, त्याचे फोटोही पप्पांनीच काढलेले. जूनमध्ये मला सोडायला आले तेव्हा त्यांना खोलीच्या कोपऱ्यात छतापासून खिडकीपर्यंत उतरलेली भेग दिसली. त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. बरोबर काचेच्या एका जुन्या निगेटिव्हची कापलेली पट्टी होती, तिच्यात आमच्या कंपालाच्या घराचा व्हरांडा. त्यांनी ती भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली.

"भिंत सरकली तर ही तुटेल. तुटली तर मला फोन कर. दुसऱ्या कुणाला बोलू नकोस."

स्वयंपाकाच्या अक्का दारात उभ्या राहून हसत होत्या. "भिंतले पट्टी बांधी का भाऊ? ताप उना का तिले?" मग मला म्हणाल्या, "काळी माती शे, माय. उन्हायामा भेग पडस, पाणी पडनं का बुजी जास. बठ्ठा धुयामा असंच शे."

मला ते पटलं: काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बुजते, सगळ्या धुळ्यात असंच. पप्पांची माती कंपालाची, लाल होती, त्यांना इथलं काय माहीत. खोलीतल्या मुली रोज विचारत, "काय गं, पेशंट कसा आहे?"

पाऊस लागला. अंगणातल्या भेगा खरंच बुजल्या, वर गवत आलं. आणि एका सकाळी वेणी घालताना मला व्हरांड्याचे दोन तुकडे दिसले. मधे फट होती. बाहेरची जमीन मिटत होती आणि ही भेग उघडत होती.

एसटीडी बूथवरून मी फोन केला.

"किती फट?"

"रुपया उभा जातो."

"घालून पाहिलास?"

"हो. तो आत गेला पप्पा. पडल्याचा आवाज आला नाही."

दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा घेऊन आले. या वेळी लेन्स सरकवली नाही. जसं दिसलं तसं घेतलं आणि प्रिंट करून नानांकडे नेलं. पप्पांचं मराठी अडखळतं, म्हणून मी बरोबर होते.

नानांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. "भाई, हा कुणी मागितला होता?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही जुळवत बसले नाही. "नाना, त्या कोपऱ्यात मुली ठेवू नका."

"बेटा," नाना अगदी मायेने म्हणाले, "कॉलेजात मन रमलं ना तुझं?"

कोपऱ्यातल्या खोल्या रिकाम्या झाल्या. दिवाळीनंतर गिलावा झाला, चुना लागला, आणि तिथे पुन्हा मुली ठेवल्या. मला मात्र दुसऱ्या टोकाला खोली दिली.

मुदतवाढीच्या वेळी मी सुट्टी काढून जळगावला आले. पोलीस ऑफिसात साहेबांनी विचारलं, "नानांचा फोन नाही आला?" पप्पांनी मान हलवली. "मग बसा तिकडे." बाकावर दुपार गेली. शेवटी शिपाई सांगत आला, "सोमवारी या. मुलीचेही कागद आणा."

बाहेर आल्यावर पप्पांनी कागदांचं नावही काढलं नाही.

"तुझ्या त्या खोलीत आता कोण आहे?"

"पहिल्या वर्षाच्या मुली."

"भेग?"

"गिलाव्याखाली. दिसत नाही."

"काच?"

"काढून टाकली."

समोर रिक्षा थांबली. आत बसताना ते म्हणाले, "त्या निगेटिव्हचा उरलेला भाग घरी आहे. सोमवारपर्यंत थांबायला नको. उद्याच धुळ्याला जाऊन लावू."

मी रिक्षावाल्याला मेहरूण सांगितलं.