दोन किलोचं वजन

माझ्या हातानं एका माणसाचा जबडा मोडला आहे. तो माझा चुलत दीर लागतो. गावात या गोष्टीच्या चार-पाच तऱ्हा फिरतात. एकीत मी रणरागिणी असते, दुसरीत चेटकीण. म्हणून झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

आमचं गाव तिसगावपासून थोडं आत. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मीही सात हंगाम गेले. रानात बाजरी, मटकी, हुलगा पिकायचा, पण तो खळ्यावरूनच एका व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढायचा. काटा त्याचा, भावही त्याचाच. उन्हाळ्यात आम्ही बाया त्याच्याच दुकानातून चढ्या भावानं बाजरी विकत आणायचो, आपल्याच रानातली.

मग पुण्याच्या एका धर्मादाय संस्थेनं आमच्या बायांच्या गटाला मदत केली; गटाची अध्यक्ष मी होते. पत्र्याची शेड, धान्य साफ करायचं यंत्र, आणि लाइट गेली तर असावा म्हणून लोखंडी वजनांचा साधा तराजू. त्यांच्या अटी दोनच होत्या. इथं पिकलेलं आधी इथल्या घरांत जावं, आणि जिला जमीन नाही तिलाही गटात सारखाच मान असावा. बियाणं सांभाळायचं काम आम्ही अशाच एका बिनजमिनीच्या बाईकडे दिलं. साठीची विधवा, सगळे तिला मावशी म्हणत. राखेत घोळलेलं जुनं बियाणं तिनं मडक्यांत भरलं, तोंडं शेणानं लिंपली आणि शेडच्या भिंतीशी ओळीनं मांडली.

दुसऱ्या सुगीला धान्य शेडकडे आलं आणि व्यापाऱ्याचा टेम्पो गावातून जवळजवळ रिकामा गेला. तो टेम्पो माझा हाच चुलत दीर चालवायचा. एका संध्याकाळी तो अंगणात आला, बसला नाही.

"वहिनी, शेड बंद करा. मालक लई तापलाय."

"आमी त्याचं काय घेतलं, भावजी?"

"मला इचारू नका. मी सांगायचं काम केलं."

आठवड्याच्या आत गटातल्या एकीची कडब्याची गंज पेटली. दावणीला बांधलेली तिची म्हैस भाजली आणि दोन दिवस ओरडून मेली. तक्रार दिली, पण पेटवताना कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या बैठकीला आम्ही सहाजणीच उरलो.

आणि मग ती सकाळ. यंत्र चालू होतं, त्यामुळे टेम्पो आल्याचं कुणालाच ऐकू आलं नाही. तिघं आत शिरले, त्यांत माझा दीर. तिघांच्या हातांत कुऱ्हाडीचे दांडे, एकाकडे विळा आणि डिझेलचा डबाही. पहिला घाव यंत्राच्या मोटारीवर बसला. दुसऱ्यानं विळ्यानं पोती फाडली आणि सांडलेल्या बाजरीवर डिझेल ओतलं, ते वाहत मडक्यांपर्यंत गेलं. एकीनं त्याचा हात धरला, तर त्यानं तिचं डोकं खांबावर आपटलं. ती खाली बसली आणि नुसती बघत राहिली, कानातून रक्त येत होतं.

माझा दीर मडक्यांकडे गेला. पहिली दोन त्यानं लाथेनं फोडली, बियाण्याची बाजरी आणि लाल हुलगा जमिनीवर सांडला. तिसऱ्यासमोर मावशी आडवी झाली.

"सर म्हातारे," तो म्हणाला.

"न्हाई सरायची."

त्यानं दांडा उचलला. मावशीनं हात वर केला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. त्यानं पुन्हा दांडा उचलला.

तराजू माझ्या शेजारी होता. त्यातलं दोन किलोचं वजन कधी उचललं ते मला आठवत नाही. मुठीत ते गार लागलं, एवढं आठवतं. तो वळला आणि मी ते सगळ्या ताकदीनं त्याच्या तोंडावर घातलं. त्याचे दात सांडलेल्या हुलग्यात पडले. तो गुडघ्यांवर आला, माझ्याकडे बघून काही बोलू लागला, पण जबडा एका बाजूला लोंबत होता. मी वजन पुन्हा उचललं. या वेळी डोक्यावर घालायचं होतं. मला तेव्हा भीती वाटत नव्हती, रागही येत नव्हता. मला बरं वाटत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मावशीनं दुसऱ्या, धड हातानं माझं लुगडं धरलं. "बास. मरंल तो."

मी थांबले. बाकीचे दोघं त्याला ओढत टेम्पोकडे घेऊन गेले.

पोलिसांनी तिघांवर गुन्हा नोंदवला आणि एक माझ्यावरही. व्यापाऱ्याचं नाव तिघांपैकी कुणीच घेतलं नाही. चौथ्या दिवशी पुण्याहून संस्थेच्या मॅडम आल्या. शेडमध्ये अजून खापऱ्या पडलेल्या होत्या, डिझेलचा वास होता.  मॅडम उभ्यानंच मला म्हणाल्या, "ताई, आमचे देणगीदार प्रश्न विचारताहेत. जिथं मारहाण होते तिथं मदत चालू ठेवावी का, असा."

 प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेली मावशी बोलली.

"मॅडम, मारहान आधीबी हुती. तुमच्या कागदावर आत्ता आली."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं नाही. मावशीशेजारी खाली बसल्या आणि हुलग्यातून खापऱ्या वेचू लागल्या. महिन्याभरानं निरोप आला की मदत चालू राहील, शेडला पक्की भिंत मिळेल. मात्र मी वर्षभर गटाचं अध्यक्षपद सोडावं. मला ते लागलं. पण दुसऱ्यांदा उचललेलं वजन मला माहीत होतं, म्हणून मी सोडलं.

दिराचा जबडा नगरला तारांनी बांधला. व्यापाऱ्यानं टेम्पोवर दुसरा माणूस ठेवला. महिन्याभरानं दिराची बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली. त्याला पातळ सोडून काही गिळता येत नव्हतं, घरात पीठ नव्हतं.  मावशीच उठली, डाव्या हातानं पिठाचा डबा काढला आणि तिच्या पदरात पीठ ओतलं. मला त्या पिठाला हात लावावासा वाटत नव्हता.

तारा काढल्यावर मी त्याच्याकडे गेले. माफी मागायला नाही. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. तो ओट्यावर अंबील पीत होता. 

"दुसरा घाव कुनी अडवला?" त्यानं विचारलं. शब्द अजून वाकडेच येत होते.

"मावशीनं."

त्यानं वाटी खाली ठेवली. "तिचा हात मीच मोडला."

"म्हाईत हाय."

एवढंच बोलणं झालं. त्या दिवाळीला तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. बाजरीचं बियाणं आम्ही निवडून वाचवलं. लाल हुलगा मात्र डिझेलनं मेला, पेरला तो उगवला नाही. मावशीचा हात कोपरात सरळ होत नाही. खांबावर डोकं आपटलेली वाचली, पण तिला एका कानानं ऐकू येत नाही. केस अजून चालू आहे. तारखेला आम्ही तिघं एकाच एसटीनं पाथर्डीच्या कोर्टात जातो. मी आणि मावशी पुढं बसतो, तो मागं.